पोटभाडेकरू आणि घरमालकाची संमती : मुंबईच्या भाडेनियंत्रण कायद्याचा एक दुर्लक्षित अध्याय (१९४७–२०००)

मुंबई शहराच्या सामाजिक इतिहासात गिरणी, चाळ आणि संप या विषयांवर विपुल लेखन झाले आहे. घरमालक आणि भाडेकरू यांच्यातील संघर्षाचीही अभ्यासकांनी दखल घेतली आहे. तथापि या संघर्षातील तिसरी व्यक्ती, म्हणजे भाडेकरूच्या भाडेपावतीच्या आडोशाने राहणारा पोटभाडेकरू, बहुतेक वेळा तळटीपेत राहिला आहे. घर ज्याचे नाही आणि भाडेपावतीही ज्याच्या नावे नाही, अशा माणसाच्या निवाऱ्याला कायद्याने कोणते स्थान द्यावे, हा प्रश्न मात्र अर्धशतकाहून अधिक काळ विधिमंडळासमोर आणि लघुवाद न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पुन्हा पुन्हा उभा राहिला. भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवण्याचा आग्रह धरावा, घरमालकाने त्यास नकार द्यावा आणि वाद न्यायालयात जावा, या वरवर खाजगी दिसणाऱ्या भांडणाने मुंबईच्या निवाऱ्याच्या इतिहासाला दिलेले वळण तपासणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मराठीत 'पोट' हा शब्द समासाच्या आरंभी आला की त्याला दुय्यमतेचा अर्थ येतो. पोटकलम, पोटजात, पोटहिस्सा, पोटकूळ हे शब्द याच घडणीचे आहेत. पोटकूळ आणि पोटभाडेकरू ही दोन नावे एकाच सामाजिक स्थितीची ग्रामीण आणि नागरी रूपे आहेत. दोघांचेही भवितव्य ठरविणारे कायदे मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने एका वर्षाच्या आगेमागे केले, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

खोली आणि तिच्यातील माणसे

ब्रिटिश अमदानीतील मूळ कायदा भाडेकरूस अनुकूल होता. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ नुसार, करारात विरुद्ध अट नसल्यास, भाडेपट्टेदारास आपला हितसंबंध पूर्णतः अथवा अंशतः पोटभाड्याने देता येत असे. भाडेकरूचा हक्क ही एक मालमत्ता आहे आणि मालमत्ता हस्तांतरणीय असते, ही त्यामागील विचारसरणी. घरमालकाला हे नको असेल तर त्याने तशी अट करारात घालावी, अशी ही रचना होती. चाळीतील खोल्या मात्र लेखी करारावर क्वचितच दिल्या जात. महिन्याचे भाडे आणि तोंडी बोली एवढ्यावर व्यवहार चाले. अट लिहिलेलीच नाही, म्हणून मनाईही नाही, अशी सामान्य स्थिती होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईची सुमारे दोन तृतीयांश लोकसंख्या एकखणी बिऱ्हाडांत राहत होती. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, पण पाडलेल्या घरांच्या प्रमाणात गरिबांसाठी नवी घरे उभी राहिली नाहीत. १९२० च्या दशकात विकास खात्याने, म्हणजे बी.डी.डी.ने, चाळी बांधल्या. त्याही वाढत्या गर्दीला पुरेशा नव्हत्या. कोकण, घाट आणि देशावरून आलेला गिरणी कामगार बहुधा एकटा येई आणि कुणाच्या तरी खोलीत 'जागा' मिळवी. येथे जागा याचा अर्थ पथारी पसरण्यापुरती भूमी. पाळ्यांच्या कामामुळे दिवसपाळीचे आणि रात्रपाळीचे असे दोन संच एकाच खोलीत आलटून पालटून झोपत. गावकरी मंडळांच्या खोल्या याच गरजेतून निघाल्या. धोबीतलाव परिसरातील गोवेकरांच्या 'कुड्यां'मागेही तीच प्रेरणा होती. गिरणगावात कितीतरी स्त्रियांनी, विशेषतः विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांनी, आपल्या खोलीत खानावळ्ये ठेवून संसार चालविला. जेवण आणि झोपायला जागा यांचे मिळून महिन्याचे पैसे घेतले जात. त्यातील भाडे किती आणि अन्न किती हे कोणी वेगळे मोजत नसे. बर्नेट-हर्स्ट यांच्या १९२५ सालच्या मुंबईतील मजूर व घरे या विषयावरील पाहणीग्रंथात या दाटीचे तपशील नोंदले आहेत.

या व्यवस्थेत पोटभाडे हा गैरव्यवहार मानला जात नव्हता. स्थलांतरित माणसाला शहरात शिरण्याचा तो दरवाजा होता आणि भाडेकरूला भाडे परवडण्याचा मार्ग होता. घरमालकाचाही त्यात फारसा तोटा नव्हता, कारण भाडे बाजाराप्रमाणे वाढविण्यास तो मोकळा होता. तंटा पेटला तो भाडे गोठल्यानंतर.

१९४७ चे कलम १५

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली, मुंबईत पहिला भाडेनियंत्रण कायदा आला. त्यानंतर १९३९ आणि १९४४ चे कायदे झाले. या सर्वांची परिणती १९४७ च्या ५७ व्या अधिनियमात, म्हणजे मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण कायद्यात झाली. तो १३ फेब्रुवारी १९४८ रोजी अमलात आला. 'प्रमाण भाडे' ठरविण्यासाठी १ सप्टेंबर १९४० ही तारीख आधारभूत धरण्यात आली. कायदा मुदतीचा होता. मुदत संपत आली की ती वाढविली जाई आणि असे करता करता तो अर्धशतक टिकला.

भाडे गोठविले की भाडेकरूच्या हाती एक नवी संपत्ती येते. प्रमाण भाडे आणि बाजारभाव यांतील फरक ही ती संपत्ती होय. घरमालकाला दहा रुपये देणारा भाडेकरू तीच खोली चाळीस रुपयांना दुसऱ्याला देऊ लागला, तर नियंत्रणाचा लाभ गरजूला न मिळता मधल्या माणसाला मिळणार, ही भीती अवाजवी नव्हती. म्हणून कलम १५ मध्ये, इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी, भाडेकरूने जागा पूर्णतः वा अंशतः पोटभाड्याने देणे किंवा आपला हितसंबंध हस्तांतरित करणे बेकायदेशीर ठरविण्यात आले. कलम १३(१)(ई) नुसार असे करणाऱ्या भाडेकरूविरुद्ध ताबा मिळविण्याचा घरमालकास अधिकार मिळाला. १८८२ च्या कायद्याने दिलेला हक्क अशा रीतीने एका वाक्यात काढून घेण्यात आला.

कायद्याची अंतर्गत रचना मात्र या मनाईशी पूर्णपणे सुसंगत नव्हती. कलम ५ मधील 'घरमालक' या शब्दाच्या व्याख्येत पोटभाड्याने देणाऱ्या भाडेकरूचाही समावेश होता. कलम १४ ने, मूळ भाडेकरूचा हक्क संपला तरी कायदेशीर पोटभाडेकरूला थेट घरमालकाचा भाडेकरू मानण्याची तरतूद केली होती. १९४८ पूर्वी आलेल्या पोटभाडेकरूंना संरक्षण आणि त्यानंतर येणाऱ्यांना मनाई, अशी तारखेने आखलेली ही रेषा होती. पुढील इतिहासात या रेषेची जागा दोनदा बदलली.

कलम १५ च्या परंतुकाने शासनाला अधिसूचनेद्वारे काही प्रकारच्या हस्तांतरणांना मोकळीक देण्याचा अधिकार दिला होता. त्याचा वापर १९४८ मध्येच झाला. चालू धंदा माल आणि नावलौकिकासह विकताना दुकानाच्या जागेचा भाडेहक्कही सोबत देण्यास मुभा मिळाली. व्यापाऱ्याची अडचण शासनाच्या ध्यानात लगेच आली. खानावळ चालविणाऱ्या बाईसाठी तशी कोणतीही अधिसूचना निघाल्याचे दिसत नाही, आणि या कायद्याचा वर्गीय कल पाहू इच्छिणाऱ्याला एवढे उदाहरण पुरेसे आहे.

संमती दिलेल्या घरमालकाचा दावा

कलम १५ च्या शब्दरचनेत एक विलक्षण गुंता होता. मनाई निरपवाद होती. घरमालकाने संमती दिली तर काय, याचे उत्तर कलमात नव्हते. हा प्रश्न १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेल्या एका अपिलात समोर आला. त्या प्रकरणात भाडेकरूला पोटभाडेकरू ठेवण्याची मुभा प्रत्यक्ष करारातच होती. भाडेकरूने त्या मुभेनुसार जागेचे भाग पोटभाड्याने दिले, आणि त्याच कारणास्तव त्याच्याविरुद्ध ताब्याचा दावा दाखल झाला. भाडेकरूचा बचाव सामान्य माणसाला पटेल असाच होता : ज्याने हात धरून आत आणले, त्यानेच आता अतिक्रमण म्हणून ओरड करावी हे कसे?

न्यायालयाने भाडेकरूविरुद्ध निकाल दिला. कलम १५ ची मनाई सार्वजनिक हितासाठी असून ती केवळ घरमालकाच्या लाभासाठी नाही. त्यामुळे घरमालकाला ती सोडून देता येत नाही आणि कायद्याविरुद्ध दिलेली संमती निरर्थक ठरते, असा निकालाचा आशय होता. दोघेही दोषी असताना एकाला दाद का मिळावी, हा युक्तिवादही टिकला नाही. वादीची मागणी बेकायदेशीर कराराच्या अंमलबजावणीची नसून कायद्याने दिलेल्या अधिकाराची होती, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

तर्काच्या दृष्टीने हा निकाल निर्दोष आहे. परिणामांच्या दृष्टीने तो भयंकर होता. ज्या भाडेकरूंनी घरमालकाचा शब्द, चिठ्ठी किंवा करार यांवर विसंबून पोटभाडेकरू ठेवले होते, ते सर्व एका निकालाने निष्कासनास पात्र झाले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे पोटभाडेकरूही. शिवाय 'सार्वजनिक हित' या शब्दप्रयोगाचा लाभ अखेर कोणाला झाला हे पाहावे लागते. मनाई नफेखोर भाडेकरूविरुद्ध होती. तिने रिकामी झालेली जागा मात्र घरमालकाच्या हाती जाई, आणि तो ती नव्या भाडेकरूला देताना पागडी घेई. कलम १८ ने अशी रक्कम घेणे हा गुन्हा ठरविला होता, पण पागडीची पावती कोणी देत नसल्याने तो सिद्ध करणे दुरापास्त असे.

२१ मे १९५९

त्याच वर्षी २१ मे रोजी मुंबई राज्याने अध्यादेश काढला आणि पाठोपाठ १९५९ चा ४९ वा अधिनियम संमत केला. कलम १५ मध्ये दोन बदल झाले. पहिल्या पोटकलमात 'विरुद्ध आशयाच्या करारास अधीन राहून' अशा अर्थाचे शब्द घातले गेले. म्हणजे घरमालकाने करारात मुभा दिली असेल तर ती यापुढे निरर्थक ठरणार नव्हती. दुसरे पोटकलम नवे होते आणि त्याची व्याप्ती अधिक मोठी होती. अध्यादेशापूर्वी मनाई असूनही जे पोटभाडेकरू म्हणून ताब्यात आले आणि अध्यादेशाच्या दिवशी ताब्यात होते, त्यांचे पोटभाडे, करारात अथवा न्यायालयाच्या निकालात काहीही म्हटले असले तरी, सर्व दृष्टींनी वैध मानले जाणार होते. मूळ भाडेकरूलाही त्या कारणास्तव काढता येणार नव्हते.

'करारात काहीही म्हटले असले तरी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. पहिल्या पोटकलमाने कराराला, म्हणजे घरमालकाच्या संमतीला, निर्णायक केले. दुसऱ्याने गतकाळापुरते तिला पूर्णपणे बाजूला सारले. ज्या घरमालकाने लेखी नकार दिला होता, त्याच्या घरातील पोटभाडेकरूही २१ मे १९५९ रोजी वैध झाला. अकरा वर्षांची अवैधता एका दिवसात पुसण्यात आली. त्या रात्रीनंतर आलेला पोटभाडेकरू पुन्हा अवैध.

हे औदार्य की हतबलता, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. शासनासमोरचा पर्याय निष्कासनांच्या लाटेचा होता. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने ढवळून निघालेल्या मुंबईत, १९५७ च्या निवडणुकीत बसलेल्या धक्क्यानंतर, कोणत्याही सरकारला ती परवडली नसती. तथापि केवळ राजकीय सोयीचे स्पष्टीकरण अपुरे वाटते. पोटभाडेकरूंची संख्या इतकी होती की कायद्याने त्यांना अवैध म्हणत राहणे म्हणजे शहराच्या एका भागालाच अवैध म्हणण्यासारखे होते.

येथे पोटकुळाशी तुलना उद्बोधक ठरते. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायद्यातही जमीन पोटकुळास देणे हे कूळहक्क संपविण्याचे एक कारण होते. परंतु 'कसेल त्याची जमीन' हे त्या कायद्याचे अधिष्ठान बनत गेले आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कुळाला जमिनीचा मालक मानण्यात आले. शहरात 'राहील त्याचे घर' हे तत्त्व कायद्याने कधीच स्वीकारले नाही. भाडेकरूला ताबा मिळाला, मालकी मिळाली नाही, आणि त्यामुळेच त्याच्या हक्काचे हस्तांतरण हा कायमचा वादविषय राहिला.

१९६० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या आनंद निवास विरुद्ध आनंदजी कल्याणजी पेढी या प्रकरणात या ताब्याचे स्वरूप आणखी आकुंचित केले. भाडेकराराची मुदत संपल्यावर केवळ कायद्याच्या संरक्षणाने राहणाऱ्या भाडेकरूकडे मालमत्तेतील कोणताही हितसंबंध उरत नाही. त्याच्याकडे असतो तो घरातून काढले न जाण्याचा वैयक्तिक हक्क, आणि वैयक्तिक हक्क दुसऱ्याला देता येत नाही, असे बहुमताने ठरले. नोटीस मिळालेला भाडेकरू त्या क्षणापासून पोटभाडे देण्याच्या दृष्टीने रिक्तहस्त झाला.

'लिव्ह अँड लायसन्स'चा आश्रय

मनाई पुन्हा लागू झाली, गरज मात्र संपली नव्हती. अशा वेळी व्यवहार शब्द बदलतो. 'पोटभाडे' या शब्दाची जागा 'लिव्ह अँड लायसन्स'ने घेतली, आणि हे इंग्रजी जोडनाव मराठी बोलण्यात इतके मुरले की आज त्याला मराठी प्रतिशब्द शोधण्याची कोणाला गरज वाटत नाही. भाडेपट्ट्याने जागेतील हितसंबंध दिला जातो, लायसन्सने केवळ वापराची परवानगी. कलम १५ ची मनाई पोटभाड्याला आणि हस्तांतरणाला होती, परवानगीला नव्हती. करार अकरा महिन्यांचे होऊ लागले, कारण एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती आणि वकिलांना दोन्ही बाजूंनी सुरक्षित राहायचे होते. भाड्याला 'भरपाई' म्हटले गेले. काही करारांत खोलीची एक किल्ली परवानगी देणाऱ्याजवळ राहील असेही लिहिले जाई. ती किल्ली कुलपात कधी फिरत नसे.

असोसिएटेड हॉटेल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच या चातुर्याला एक उत्तर दिले होते. दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलातील केशकर्तनासाठी दिलेल्या जागेचा तो वाद होता. दस्तऐवजाला पक्षकार काय नाव देतात यावर न थांबता त्यांचा खरा हेतू पाहावा आणि अनन्य ताबा दिला आहे का हे तपासावे, ही कसोटी न्या. सुब्बाराव यांनी मांडली. परिणामी मुंबईच्या लघुवाद न्यायालयात एक चमत्कारिक दृश्य दिसू लागले. घरमालक म्हणे की हा करार लायसन्सचा बुरखा पांघरलेले पोटभाडे आहे, म्हणून भाडेकरूला काढा. आत राहणाराही कित्येकदा तेच म्हणे, कारण पोटभाडेकरू ठरला तर त्याला भाडेनियंत्रणाचे संरक्षण मिळण्याची आशा असे. भाडेकरू एकटा म्हणत राही की ही निव्वळ परवानगी आहे.

या कोंडीतून मार्ग म्हणून १९७३ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक १७ आला. नव्या कलम १५अ नुसार १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारान्वये लायसन्सवर ताब्यात असलेली व्यक्ती भाडेकरू मानली गेली. १९४८ ची रेषा १९५९ ला सरकली होती. ती आता १९७३ वर आली. 'चालू करारान्वये' ही अट अनेकांना नडली. अकरा महिन्यांचा करार जानेवारीत संपला आणि नूतनीकरण मार्चमध्ये झाले, मधल्या काळातही माणूस तेथेच राहत होता, पण १ फेब्रुवारीला त्याच्या हाती कागद नव्हता. अशा दाव्यांनी पुढची कित्येक वर्षे न्यायालये व्यापली. दुसरीकडे, हा कायदा येणार याची कुणकुण लागलेल्यांनी मागील तारखांचे करार तयार केल्याच्या तक्रारीही त्या दाव्यांतून दिसतात.

या दुरुस्तीतील दोन मर्यादांकडे फारसे लक्ष वेधले गेलेले नाही. संरक्षण मिळण्यासाठी ताब्यातील भाग किमान एका खोलीएवढा असावा लागे, आणि 'पेइंग गेस्ट'ला लायसन्सधारकाच्या व्याख्येतून वगळले होते. परिणाम असा की मरीन ड्राइव्हच्या सदनिकेत लायसन्सवर राहणारा कंपनी अधिकारी भाडेकरू झाला. परळच्या खोलीत भिंतीकडेची जागा आणि दोन वेळचे जेवण यांसाठी महिन्याचे पैसे मोजणारा, पंधरा वर्षे तेथेच राहिलेला गिरणी कामगार मात्र काहीच झाला नाही. पोटभाड्याचे सर्वांत जुने आणि सर्वांत गरीब रूप पोटभाडेकरूंच्या या दुसऱ्या मुक्तीतून सुटले. एक खोलीही ज्याच्या वाट्याला आली नाही त्याला किमान एका खोलीची अट घालणे, यातील विसंगती विधिमंडळाच्या ध्यानात आली नसेल असे मानणे कठीण आहे. बहुधा मूळ भाडेकरूच्या संसारात राहणाऱ्या परक्याला कायमचा हक्क देणे त्यांना धोक्याचे वाटले असावे, आणि खानावळ चालविणाऱ्या बाईच्या दृष्टीने विचार केल्यास ती भीती पूर्णतः निराधार म्हणता येत नाही.

विदर्भ, मराठवाडा आणि गोवा

वरील विवेचन मुंबई कायद्याच्या क्षेत्रापुरते आहे. १९६० नंतरच्या महाराष्ट्रात चार दशके तीन भाडेकायदे एकाच वेळी नांदत होते. विदर्भात १९४९ चा मध्यप्रांत व वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेश होता आणि मराठवाड्यात १९५४ चा हैदराबादचा कायदा. या दोन्हींत पोटभाडे निरपवाद निषिद्ध नव्हते. घरमालकाच्या लेखी परवानगीशिवाय दिलेले पोटभाडे हे निष्कासनाचे कारण होते. गोव्याच्या १९६८ च्या कायद्यानेही लेखी संमतीचीच वाट धरली. नागपूर आणि औरंगाबाद येथील भाडेकरूला, निदान कागदावर, घरमालकाकडे जाऊन परवानगी मागता येत होती.

मात्र मागता येणे आणि मिळणे यांत अंतर आहे. इंग्लंडमध्ये १९२७ च्या घरमालक व भाडेकरू कायद्याच्या कलम १९ ने, संमतीशिवाय पोटभाडे देऊ नये अशी अट करारात असल्यास, ती संमती अवाजवीपणे नाकारली जाणार नाही असे त्या अटीतच गृहीत धरण्याची तरतूद केली. १९८८ च्या कायद्याने नकाराचा वाजवीपणा सिद्ध करण्याचा भारही घरमालकावर टाकला. भारतीय भाडेकायद्यांनी इंग्रजी कायद्यातून पुष्कळ घेतले, हे तत्त्व मात्र घेतले नाही. येथे घरमालकाच्या नकाराला कारण लागत नाही. भाडेकरूची अडचण खरी आहे का, येणारा माणूस कसा आहे, घरमालकाचे त्यात काय बिघडते, हे प्रश्न न्यायालयासमोर येतच नाहीत. लेखी संमती आहे की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

कारण न लागणाऱ्या नकाराला किंमत येते. मुंबईच्या पागडी पद्धतीत भाडेहक्काच्या हस्तांतरणास घरमालकाने मान्यता द्यावी आणि मोबदल्यात पागडीचा सर्वसाधारणपणे एक तृतीयांश हिस्सा घ्यावा, हा रिवाज रूढ झाला. नव्या व्यक्तीच्या नावे भाडेपावती फाडली जाई आणि पोटभाड्याचा प्रश्नच मिटे. कलम १८ नुसार घरमालकाला आणि कलम १९ नुसार भाडेकरूला असे पैसे घेण्यास मनाई होती. व्यवहारात कायद्याची मनाई आणि रिवाजाचा दर या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी राहिल्या.

पुराव्याचा प्रश्न

पोटभाडे सिद्ध करण्यासाठी दोन गोष्टी लागतात : तिसऱ्या व्यक्तीचा अनन्य ताबा आणि त्यासाठी दिलेला मोबदला. भाडेकरूने 'हा माझा भागीदार' किंवा 'हा माझा भाचा' असे म्हटले की घरमालकाची पंचाईत होई, कारण पैशाची देवघेव बंद दाराआड होते. भारत सेल्स विरुद्ध आयुर्विमा महामंडळ या दिल्लीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये या अडचणीची दखल घेतली. पोटभाडे गुपचूप दिले जाते, त्यामुळे परक्याचा अनन्य ताबा सिद्ध झाल्यास मोबदला दिल्याचे अनुमान काढता येते, असा त्याचा आशय होता. न्याय्य वाटणाऱ्या या नियमाची दुसरी बाजूही आहे. आजारी भाडेकरू गावी गेला आणि पुतण्या खोलीत राहिला, तर आपण भाडे देत नाही हे त्या पुतण्याला सिद्ध करावे लागण्याची वेळ येते. भाडेकायद्यातील कुटुंबाची कल्पना आणि चाळीतील नातेसंबंधांचा विस्तार यांचे माप कधीच जुळले नाही.

१९९९ चा कायदा

घरमालकांच्या बाजूनेही खरी तक्रार होती आणि ती दडपता येण्याजोगी नव्हती. १९४० च्या भाड्यात इमारतीची डागडुजी होत नव्हती. उपकरप्राप्त जुन्या इमारतींची संख्या १९,६४२ इतकी होती. त्यांच्या दुरुस्तीसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र मंडळाचा कायदा करावा लागला. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाड्याच्या तरतुदी आरंभी वाजवी असल्या तरी कालांतराने अवाजवी झाल्याचे मत नोंदविले. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ रोजी संपत असल्याने त्या रद्द करण्याचे मात्र न्यायालयाने टाळले. या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ संमत झाला आणि ३१ मार्च २००० पासून तिन्ही विभागांना एकच कायदा लागू झाला.

नव्या कायद्याने बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना संरक्षणातून वगळले. नाममात्र भाड्यावर जागा अडवून ठेवणाऱ्या या वर्गाला वगळण्यास फार उशीर झाला होता, एवढेच म्हणता येईल. कलम ५६ ने पागडी घेणे घरमालक व भाडेकरू दोघांनाही वैध केले. कलम ५५ ने लेखी व नोंदणीकृत करार सक्तीचा करून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली.

पोटभाड्याबाबत मात्र रेषा पुढे सरकली नाही. १ फेब्रुवारी १९७३ पूर्वीचे पोटभाडेकरू संरक्षित राहिले, नंतरच्या सत्तावीस वर्षांत आलेल्यांना काहीही मिळाले नाही. कलम २६ ने, विरुद्ध आशयाचा करार नसल्यास, पोटभाड्याबरोबरच भाडेकरूने जागा लायसन्सवर देण्यासही असलेली मनाई कायम ठेवली. १९५९ नंतर शब्द बदलून शोधलेली वाट १९७३ च्या दुरुस्तीनेच बंद झाली होती. तोपर्यंत गिरणगावातील बहुतेक गिरण्या १९८२ च्या संपानंतर थंडावल्या होत्या, आणि ज्यांच्यासाठी खोलीतील कोपरा हा शहरात शिरण्याचा दरवाजा होता ते कामगार एक तर गावी परतले होते किंवा उपनगरांतील झोपडपट्ट्यांत गेले होते. झोपडपट्टीतही भाड्याने राहणारे होतेच. तेथील पात्रतेच्या याद्याही तारखेनेच आखल्या गेल्या.

केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार अधिनियमात पोटभाड्यासाठी मूळ कराराला जोडलेला लेखी पूरक करार आवश्यक मानला आहे. घरमालकाने तो करार करण्यास नकार दिला तर त्या नकाराची कारणे तपासण्याची तरतूद त्यातही नाही.